सहावी ते आठवी : घरी मराठी लेखन शिकवायचे, तर अभ्यासक्रम कोणता?

मराठीविषयी दोन मोठ्या बातम्या अलीकडे आपण सर्वांनी वाचल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवण्यावरून मोठे वादळ उठले. १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय, १७ जूनचा सुधारित निर्णय आणि २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा, हे सारे अडीच महिन्यांत घडले.

या दोन्ही बातम्यांवर आपल्याकडे इंदुरात, देवास-उज्जैनकडे आणि ग्वाल्हेरीत भरपूर चर्चा झाली. पहिलीचे पेढे वाटले गेले, दुसरीवर वाद घातले गेले. पण त्यातल्या एकाही बातमीने आपल्या मुलांच्या शाळेच्या वेळापत्रकात मराठीचा एक तासही वाढला नाही. सातवीतले आपले मूल घरी मराठी बोलते, आजीशी भांडते, नाटकाला आपल्याबरोबर येऊन हसते. त्याच्यापुढे कोरा कागद ठेवून ‘दिवाळीच्या सुट्टीत काय केलेस ते दहा ओळींत लिही’ म्हटले, की ते थबकते. हा प्रश्न शासनाचा कोणताही निर्णय आपल्यासाठी सोडवणार नाही. तो घरातच सोडवावा लागेल. म्हणून सहावी ते आठवीच्या मुलांना घरी मराठी लिहायला शिकवायचे तर कोणते पर्याय आहेत, त्यांत कोणता कोणासाठी योग्य, आणि तो निवडताना काय पाहावे, याचा विचार या लेखात करीत आहोत.

शाळा काय देते आणि कुठे थांबते

संविधानाच्या ३५० क कलमाचा दाखला आपल्या सभांमध्ये नेहमी दिला जातो. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्यास राज्यांना सांगते. पण ते बोलते फक्त प्राथमिक टप्प्याविषयी. त्याआधी १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलेले सूत्र, वर्गात १० किंवा शाळेत ४० विद्यार्थी असतील तर मातृभाषेतून शिकवावे, हेही प्राथमिक शाळांसाठीच होते. म्हणजे कागदावरचे संरक्षण नेमके पाचवीच्या आसपास संपते, आणि खरे लेखन सुरू होते ते त्यानंतर.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवी हा वेगळा ‘मध्यम स्तर’ मानला. वय अकरा ते चौदा. मातृभाषा किंवा घरची भाषा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत शिक्षणाचे माध्यम असावी, असे धोरण म्हणते. तीन भाषांपैकी किमान दोन भारतीय असाव्यात, त्या कोणत्या हे राज्याने, प्रदेशाने आणि विद्यार्थ्याने ठरवावे, असेही म्हणते. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तिसरी भाषा सहावीपासून येते. वाचायला हे उत्तमच आहे. पण प्रत्यक्षात मध्य प्रदेशातील बहुतेक शाळांत हिंदी आणि इंग्रजीनंतरची तिसरी जागा संस्कृतकडे जाते, कारण शिक्षक संस्कृतचे आहेत आणि पुस्तके संस्कृतची आहेत. मराठीचा एक विद्यार्थी या शाळेत, तीन त्या शाळेत अशी आपली मुले विखुरलेली असतात.

शेजारच्या राज्यांत चित्र याहून सोपे नाही. गुजरातने २०२३ च्या कायद्याने सर्व शाळांत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची केली. तेलंगणाने २०१८ मध्ये तेलुगूसाठी, महाराष्ट्राने २०२० मध्ये मराठीसाठी असाच कायदा केला. प्रत्येक राज्याने आपली भाषा राखली, यात गैर काही नाही. आपल्या भाषेसाठी आपण तेच मागतो. मात्र याचा परिणाम असा, की बडोद्याच्या मराठी मुलाच्या दप्तरात गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषा आधीच भरलेल्या असतात आणि चौथीला जागाच उरत नाही. बेळगाव आणि गोव्याची गोष्ट वेगळी. तिथे मराठी शाळा आहेत आणि लढा त्या टिकवण्याचा आहे. इंदूर, बडोदा, हैदराबादेत प्रश्न शाळेबाहेरचा आहे.

महाराष्ट्रातील १७ जूनच्या निर्णयात एक अट होती. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर इयत्तेत किमान २० विद्यार्थी हवेत. तिथल्या पालकांना ही अट जाचक वाटली. आपल्या पिढ्या अशाच आकड्यांच्या दारात उभ्या राहून परत आल्या आहेत. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे १२ लाख, कर्नाटकात सुमारे २० लाख, गुजरातेत ९ लाखांवर होते. एकत्र मोजले तर संख्या मोठी आहे. एका वर्गात मोजली तर ती कधीच पुरत नाही.

शाळेत न घालता मुलांना पूर्णपणे घरीच शिकवणारी कुटुंबे आपल्यात अगदी थोडी आहेत. पण मराठीपुरती आपली जवळजवळ सगळीच घरे घरशाळा आहेत. फरक इतकाच, की घरशाळा करणारे कुटुंब निदान अभ्यासक्रम निवडते. आपण तो निवडलेलाच नाही.

बोलता येते, मग लिहिता का येत नाही

‘देवनागरी तर येतेच, मराठी लिहायला वेगळे काय शिकायचे?’ हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. लिपी एक आहे ही आपली मोठी सोय आहे. न्यू जर्सीतल्या किंवा लंडनमधल्या मराठी मुलाला जिथे ‘अ’पासून सुरुवात करावी लागते, तिथे आपले मूल सहावीत असताना सरळ मजकुरावर येऊ शकते. पण हीच सोय आपल्याला फसवतेही. मूल मराठी म्हणून जे लिहिते ते पुष्कळदा हिंदीच्या नियमांनी लिहिलेले मराठी असते.

काही नेहमीचे नमुने पाहू. हिंदीत कवि, गुरु, शांति असे लिहितात. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ होतो, म्हणून कवी, गुरू, शांती. पण तोच शब्द समासात आधी आला तर ऱ्हस्व राहतो : कविसंमेलन, गुरुदक्षिणा, शांतिदूत. हिंदीत ‘राम ने’, ‘घर से’ असे शब्द सुटे लिहितात. मराठीत प्रत्यय जोडून येतो आणि जोडताना शब्दाचे रूपही बदलते : घर-घरातून, बहीण-बहिणीला, मूल-मुलाला, फूल-फुलाचा, गरीब-गरिबाला. ‘बहिणीला’मध्ये ऱ्हस्व आणि ‘बहीण’मध्ये दीर्घ का, हे कोणी सांगितल्याशिवाय मुलाला कळणार नाही, कारण बोलताना हा फरक स्पष्ट ऐकू येत नाही.

मग येते लिंग. हिंदीत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे ‘ते पुस्तक’, ‘ते झाड’ लिहिताना मूल अडखळते. विजय आणि मृत्यू हे शब्द हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. अर्थाचे घोटाळे तर गमतीदार. हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण, आपली शिक्षा म्हणजे छडी. हिंदीतली चेष्टा म्हणजे प्रयत्न, आपली म्हणजे थट्टा. हिंदीत यातायात म्हणजे वाहतूक, मराठीत दगदग. खाली, राग, संसार या शब्दांचेही तसेच. आणि वाक्यरचना : ‘ती माझी मदत करते’, ‘मला चांगले लागले’ ही वाक्ये आपल्या घरांत इतकी रुळली आहेत, की ‘ती मला मदत करते’ आणि ‘मला बरे वाटले’ हेच मुलांना परके वाटते.

हे दोष आहेत असे आम्ही म्हणत नाही. दोन भाषा शेजारी नांदल्या की त्या एकमेकींकडून उसने घेतात. माळव्याच्या मराठीला स्वतःची चव आहे आणि ती घरात राहिलीच पाहिजे. पण लेखन शिकवताना आपली अडचण नेमकी कुठे आहे हे माहीत असावे लागते. पुण्यातल्या मुलासाठी केलेले पुस्तक ‘विजय’चे लिंग शिकवण्यात वेळ घालवणार नाही, आणि अमेरिकेतल्या मुलासाठी केलेले पुस्तक हिंदी-मराठीतल्या फरकाकडे पाहणारच नाही. आपल्या गरजेचे पुस्तक तयार मिळत नाही, ते जुळवावे लागते. अभ्यासक्रम निवडताना पहिली जाणीव ही हवी.

हातात असलेले पर्याय

पहिला पर्याय ‘बालभारती’चा. १९६७ साली पुण्यात स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाची ही पुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेता येतात. इथे दोन मालिका आहेत आणि त्यांतला फरक पुष्कळ पालकांना ठाऊक नसतो. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी आठवीपर्यंत ‘बालभारती’ आणि पुढे नववी-दहावीला ‘कुमारभारती’. इतर माध्यमांच्या शाळांतील मुलांसाठी सहावी ते आठवी ‘सुलभभारती’ आणि नववी-दहावीला ‘अक्षरभारती’. आपल्या मुलांना हौसेने एकदम सातवीची ‘बालभारती’ देणे म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला नर्मदेत सोडणे. बहुतेकांसाठी ‘सुलभभारती’ हीच योग्य पायरी आहे. तिचे पाठ लहान, भाषा सोपी आणि लेखनाचे स्वाध्याय आटोपशीर आहेत.

या पुस्तकांची बाजू भक्कम आहे : क्रम विचारपूर्वक लावलेला आहे, साहित्याची निवड चांगली आहे, खर्च शून्य. उणीव अशी, की ती वर्गासाठी आणि शिक्षकासाठी लिहिलेली आहेत. ‘चर्चा करा’, ‘गटात सांगा’ अशा कृती घरात एकट्या मुलाने कशा करायच्या? आणि लेखन हा त्यांचा एक भाग आहे, मुख्य हेतू नाही.

दुसरा पर्याय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. तिच्या माध्यमिक म्हणजे दहावीच्या समकक्ष परीक्षेत मराठी हा विषय घेता येतो. प्रवेशासाठी वय किमान १४ लागते. म्हणजे सहावी-आठवीसाठी तो थेट उपयोगी नाही, पण आठवीनंतर कुठे जायचे याचे उत्तर म्हणून मोलाचा आहे. प्रमाणपत्र समोर असले तर काही मुले, आणि खरे सांगायचे तर काही पालकही, नेटाने टिकतात. सीबीएसईच्या दहावीच्या भाषांच्या यादीतही मराठी आहे, पण त्यासाठी शाळेची तयारी लागते.

तिसरा पर्याय परदेशातील मराठी शाळांच्या अभ्यासक्रमांचा. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली चालणाऱ्या मराठी शाळा आठवड्यातून एकदा भरतात आणि पायऱ्यापायऱ्यांनी मराठी शिकवतात. पालकच शिक्षक असतात ही त्यांची पद्धत आपण जरूर घ्यावी. त्यांचा आशय मात्र आपल्या मुलांना सुरुवातीला फार सोपा पडेल.

चौथा पर्याय मराठीतला नाही, पण त्याचा विचार आवश्यक आहे. अमेरिकेतील घरशाळा करणाऱ्या कुटुंबांपुढे लेखनाचे कितीतरी तयार अभ्यासक्रम असतात आणि त्यांचे ढोबळमानाने तीन घराणे पडतात. सुसान वाइज बाउअर यांच्या पुस्तकांत मूल आधी चांगला उतारा उतरवते, ऐकून लिहितो-सांगते आणि मग स्वतःच्या शब्दांत मांडते. अँड्र्यू पुडेवा यांच्या संस्थेच्या पद्धतीत उताऱ्यातून मोजके कळीचे शब्द टिपायचे आणि त्यांवरून परिच्छेद पुन्हा उभा करायचा. ज्युली बोगार्ट यांच्या पद्धतीत आधी मनातले मोकळेपणाने लिहू द्यायचे आणि सुधारणा नंतर. त्यांची पुस्तके आपल्याला उपयोगी नाहीत, कारण ती इंग्रजीसाठी आहेत. पण पद्धती भाषेच्या कुंपणात अडकत नाहीत. पहिल्या घराण्याचे श्रुतलेखन तर आपल्या आजोबांच्या शाळेत रोज होत असे.

संशोधन काय सांगते

यातली कोणती पद्धत चांगली यावर हिरिरीने वाद घालता येतो. पण थोडा पुरावाही आहे. २००७ मध्ये स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी ‘रायटिंग नेक्स्ट’ हा अहवाल अमेरिकेत प्रसिद्ध केला. चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनावर झालेले प्रयोग एकत्र तपासून त्यांनी उपयोगी ठरणाऱ्या ११ गोष्टी मांडल्या. सर्वांत वर होत्या दोन : लेखनाची आखणी, फेरलेखन आणि तपासणी कशी करावी हे उघड उघड शिकवणे, आणि वाचलेल्या मजकुराचा सारांश लिहायला शिकवणे. त्याखालोखाल मुलांनी एकमेकांच्या मदतीने लिहिणे आणि ‘काय, कोणासाठी, किती’ हे लेखनाआधी नेमके ठरवून देणे. छोटी वाक्ये जोडून मोठे वाक्य करण्याचा सरावही उपयोगी ठरला. उलट सुटे व्याकरण, म्हणजे लेखनाशी न जोडता नुसते नियम आणि व्याख्या शिकवणे, यातून लेखन सुधारलेले दिसले नाही.

हे संशोधन इंग्रजीवरचे आहे, म्हणून ते जसेच्या तसे उचलू नये. मराठीत सामान्यरूप आणि ऱ्हस्व-दीर्घ यांकडे लक्ष द्यावेच लागते. पण मुख्य धडा आपल्याला लागू आहे. साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४ असे शुद्धलेखनाचे १८ नियम भिंतीवर लावून मूल लिहू लागणार नाही. एका आठवड्यात एकच नियम, तोही त्याच्याच वाक्यात दाखवून दिलेला, एवढाच त्याच्या पचनी पडतो.

वाक्य जोडण्याच्या सरावाचे मराठीत विशेष महत्त्व आहे. ‘आम्ही गच्चीवर होतो. पाऊस आला. आजीचे पापड भिजले.’ ही तीन वाक्ये मुलाला द्यावीत. पहिल्यांदा ते सगळीकडे ‘आणि’ लावेल. मग त्याला ‘-ताना’, ‘-ऊन’, ‘-ल्यावर’, ‘म्हणून’, ‘तोवर’ ही साधने दाखवावीत. ‘आम्ही गच्चीवर असतानाच पाऊस आला आणि आवरून खाली येईतोवर आजीचे पापड भिजले.’ मराठी वाक्याची चाल इथे सापडते. रोज पाच मिनिटांचा हा खेळ महिनाभर केला, तर वहीतला फरक कोणालाही दिसेल.

आमची शिफारस

या सगळ्याचा विचार करून आम्ही असे सुचवतो : पाया म्हणून ‘सुलभभारती’, वाचनासाठी ‘किशोर’, आणि लेखनासाठी खालील तीन वर्षांची आखणी. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. सहावी-आठवीच्या वयाला इतका चांगला मराठी गद्याचा साठा दुसरीकडे एका जागी मिळणे कठीण.

आठवड्यात तीन बैठका, प्रत्येकी अर्धा तास. परीक्षा, सणवार आणि लग्नसराई सोडून वर्षाचे ३० आठवडे धरले, तरी वर्षाला ४५ तास आणि तीन वर्षांत १३५ तास होतात. ओझे होणार नाही इतके हे थोडे आहे, आणि मूल लिहिते होईल इतके पुरेसे.

सहावी हे वर्ष कानाचे आणि हाताचे. एका बैठकीत पाच-सहा ओळींचे श्रुतलेखन, दुसरीत वाचलेली गोष्ट तोंडी सांगून मग लिहिणे, तिसरीत एक छोटे पत्र. पत्र खरे असावे, टाकायचे असावे. आजोळी, पुण्याच्या मावशीला, नागपूरच्या आत्याला. उत्तर आले, की पुढचे पत्र लिहायला आग्रह करावा लागत नाही. सोबत हिंदी-मराठीत अर्थ किंवा लिंग बदलणाऱ्या शब्दांची एक वही मुलानेच करावी. वर्षअखेर तिच्यात शंभर शब्द झाले तर ती त्याची स्वतःची मिळकत.

सातवीत परिच्छेद आणि सारांश. दोन पानांचा मजकूर सात ओळींत आणायचा. कृती सांगणारे लेखन : साबुदाण्याची खिचडी कशी करतात, गुढी कशी उभारतात, आपल्या घरातून राजवाड्याला पायी कसे जायचे. क्रम चुकला की खिचडी बिघडते, हे मुलाला लगेच समजते. आणि वर्षातून एकदा घरातल्या वडीलधाऱ्यांची मुलाखत : आपले घराणे इंदुरात कधी आणि कशासाठी आले, आधी कुठे राहत होते, पणजोबा काय करीत. प्रश्न मुलाने आधी लिहून काढावेत, उत्तरे ऐकताना टिपावीत, नंतर सलग लिहावे.

आठवीत मत मांडणारे लेखन, बातमी, अर्ज आणि अनुवाद. अनुवादाचे महत्त्व आपल्याला इतरांहून जास्त आहे. सकाळच्या हिंदी वर्तमानपत्रातली एक छोटी बातमी मराठीत लिहायची. ‘यातायात प्रभावित रहा’ याचे मराठी करताना मुलाला आपण इतकी वर्षे सांगत होतो तो फरक स्वतःलाच सापडतो. पत्रलेखन, बातमी, जाहिरात, सारांश हे प्रकार पुढे दहावीच्या मराठीतही ‘उपयोजित लेखन’ म्हणून येतात. म्हणजे कोणी पुढे परीक्षेला बसायचे ठरवले, तर हे कष्ट वाया जात नाहीत.

तपासताना एक पथ्य पाळावे. वहीभर लाल शाई करू नये. आधी मुलाने काय सांगितले ते वाचून त्यावर बोलावे, मग त्या आठवड्याचा एकच नियम पाहावा. संवादात त्याने घरची बोली लिहिली असेल तर ती राहू द्यावी. आजी जशी बोलते तशी ती कागदावर बोलली पाहिजे. प्रमाण मराठी निवेदनासाठी आहे, आजीला सुधारण्यासाठी नाही.

काही रास्त शंका

‘आमचेच शिक्षण हिंदी माध्यमात झाले, आम्ही काय शिकवणार?’ ही सर्वांत प्रामाणिक शंका आहे. वाचता येते पण लिहायचा धीर होत नाही, अशा आई-वडिलांची पिढी आता पालक आहे. वर दिलेल्या आखणीत शिक्षक होण्याची गरज नाही. श्रुतलेखन छापील मजकुरावरून सांगायचे आणि त्यावरूनच तपासायचे. मुलाबरोबर आई-बाबांनीही लिहावे. चुका कोणाच्या जास्त निघाल्या यावर घरात हशा पिकला तर उत्तमच. अवघड शंका ज्येष्ठ सभासदांकडे न्याव्यात. मराठी शाळेत शिकलेली ती पिढी अजून आपल्यात आहे, आणि ही सवलत आणखी वीस वर्षांनी मिळणार नाही.

‘फोनवर बोलले की मजकूर उमटतो, सांगितले की निबंध तयार मिळतो, मग हा खटाटोप कशाला?’ हीदेखील आजची शंका. ‘माझा आवडता सण’ असा विषय दिला तर मूल फोनकडेच जाईल, आणि त्याचा दोष नाही, विषय तसा आहे. ‘आजीच्या ट्रंकेत काय काय आहे’ हे कोणत्याही यंत्राला ठाऊक नसते. विषय असे द्यावेत, की त्यांचे उत्तर फक्त आपल्या घरात मिळेल. लिहायला वही आणि पेन असावे. आठवीत देवनागरी टंकलेखन शिकवावे, पण अक्षर वळल्यानंतर.

‘मराठी लिहून पुढे करायचे काय?’ असे काही जण थेट विचारतात. नोकरीचे आमिष आम्ही दाखवणार नाही. पण आपल्याच मुलखातले एक घर आठवावे. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीतले थोर कवी झाले, आणि त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले नामवंत कवी आणि समीक्षक. दोघांची घरची भाषा मराठीच. लेखनाची भाषा कोणती, हे त्या घरात दोघांना निवडता आले, कारण दोन्ही भाषा लिहिता येत होत्या. आपल्या मुलांनी हिंदीत किंवा इंग्रजीत लिहिले तर आनंदच आहे. मात्र त्यांच्यापुढे निवड असावी. लिहिताच येत नसेल, तर निवड आधीच झालेली असते, आणि ती आपण पालकांनी केलेली असते.

मंडळाने काय करावे

इंदुराने १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरवली. संमेलनाचा मांडव उभारण्याची ताकद असलेल्या समाजाला तीस मुलांच्या वह्या जमवणे अवघड नसावे. घरातली बैठक घरातच होईल, पण एकट्या घरात उत्साह टिकत नाही. म्हणून तीन छोट्या गोष्टी सुचवतो. महिन्यातून एका रविवारी मुलांनी आपले लिखाण एकमेकांना वाचून दाखवावे. इंदूरच्या मुलाची बडोद्याच्या किंवा हैदराबादच्या मराठी मुलाशी पत्रमैत्री जुळवून द्यावी. गणेशोत्सवातल्या निबंधस्पर्धेत ठरावीक विषयांऐवजी वडीलधाऱ्यांच्या मुलाखती मागवाव्यात आणि त्या मंडळाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध कराव्यात. या तिन्हीला खर्च नगण्य आहे.

सहावी ते आठवी ही तीनच वर्षे आहेत. नववीपासून बोर्डाची परीक्षा आणि शिकवण्यांचे चक्र सुरू होते, मग मराठीच्या वहीला कोणी हात लावत नाही. ज्यांच्या घरी आज सहावीतले मूल आहे, त्यांच्याजवळ १३५ तास आहेत. या आठवड्यात ‘सुलभभारती’ उतरवून घ्यावी, दोनशे पानी वही आणावी आणि पहिले पत्र आजोळी टाकावे. आठवीतल्या मुलांच्या पालकांनीही उशीर झाला म्हणून थांबू नये, अनुवाद आणि मुलाखतीपासून सुरुवात करावी. ज्या घरांना जोडीला दुसरे घर हवे असेल, त्यांनी मंडळाच्या कार्यालयात मुलाचे नाव आणि इयत्ता कळवावी. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी वह्या घेऊन भेटू.